जड चाकांचा हिवाळा

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी लीव्हेन डेवालने स्वयंपाकघरातला वजनकाटा उचलला आणि नॉर्बर्टच्या सायकलच्या दुकानात नेला. त्याची बायको हिल्डे त्याच वेळी केकसाठी पीठ मोजायला बसली होती. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात थंडी पडली की शर्यतीची हलकी चाकं तळघरात जातात आणि सरावाची चाकं बाहेर निघतात. लीव्हेनची सरावाची चाकं वाकडी झाली होती, म्हणून नवी निवडायची होती, एवढंच. पण लीव्हेन शाळेत पदार्थविज्ञान शिकवत असे, आणि अशा माणसाला साधी गोष्ट साधेपणाने करता येत नाही.

नॉर्बर्टने तीन जोड्या पुढे ठेवल्या. लीव्हेनने तिन्ही काट्यावर ठेवून पाहिल्या आणि नाक मुरडलं.

"याहून जड नाहीत?"

नॉर्बर्ट तीस वर्षं चाकं बांधत होता. याहून हलकी नाहीत का, असं त्याला रोज कुणी ना कुणी विचारत असे. हा प्रश्न मात्र त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकला.

लीव्हेनने त्याला सिद्धांत समजावून सांगितला. हिवाळाभर जड चाकं रेटली की पायांत ताकद मुरते. मग मार्चमध्ये हलकी चाकं चढवायची, की माणूस नुसता उडतो.

"चाक मजबूत आहे का ते बघ रे," नॉर्बर्ट म्हणाला. "वजन काय बघतोस? बटाटे घ्यायला आलायस का?"

पण लीव्हेन हटला नाही. शेवटी नॉर्बर्टने छत्तीस स्पोकची, जाड रिमची एक जोडी स्वतः बांधून दिली. ती काट्यावर ठेवली तेव्हा लीव्हेनचं समाधान झालं आणि काट्याची स्प्रिंग बसली. हिल्डेचे केक त्या हिवाळ्यात अंदाजाने झाले.

या सगळ्यामागे लीव्हेनचे सासरे होते. गावच्या क्लबात दोन गट. अ गट जीव खाऊन पळतो. ब गट रमतगमत जातो आणि अर्ध्या वाटेवर फळांचा गोड टार्ट खायला थांबतो. ब गटाचे म्होरके म्हणजे सासरे ओमेर, वय वर्षं एकाहत्तर. दर रविवारी सायकलींची फेरी झाली की दुपारचं जेवण सगळ्यांचं सासूबाईंकडे, आणि तिथे सूप वाढायच्या आधी कोण कुठे मागे पडलं याची उजळणी होई. लीव्हेन कसाबसा अ गटात टिकून होता, आणि त्याला आयुष्यात फार काही नको होतं. त्या टेबलावर सासऱ्यांसमोर अ गटाचा माणूस म्हणून बसत राहता आलं की झालं.

क्लबाचा नियम असा, की गिरणीच्या चढणीवर तीनदा मागे पडलेला माणूस अ गटातून ब गटात जातो. हा नियम हिवाळ्यातही चालू असतो, हे लीव्हेनच्या सिद्धांतात बसवायचं राहून गेलं होतं. त्या दगडी चढणीवर त्याची चाकं दळणासारखी फिरत. जानेवारी संपायच्या आत नॉर्बर्टने, कारण क्लबाची वहीही त्याच्याकडेच होती, त्याचं नाव ब गटात लिहिलं.

आणि ब गटातही ओमेर त्याच्या पुढेच.

"चढणीवर थांबलो होतो रे तुझ्यासाठी," सूप पिता पिता ओमेर शांतपणे म्हणाले. "मग पाय थंड पडले, म्हणून निघालो."

"पा, माझी चाकं जड आहेत."

"असतील की."

हा संवाद सात रविवार चालला. हिल्डेने चाकं बदलायला सांगितली, पण लीव्हेनने दात-ओठ खात मार्चची वाट पाहिली. सासऱ्यांच्या पाठीवरचं जॅकेट त्याला आता स्वप्नातही दिसू लागलं होतं.

मार्चच्या पहिल्या रविवारी, प्रथेप्रमाणे, ब गटातून जो चढण आधी चढेल तो अ गटात जाणार होता. लीव्हेनने हलकी चाकं लावली. पायथ्यापासूनच त्याने जोर लावला. एकेक गडी मागे पडत गेला, उरले ते ओमेर. माथ्यावर पोचताना लीव्हेन एका चाकाने पुढे होता. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

जिंकलेला माणूस उदार होतो. खाली कॅफेच्या दारात त्याने सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पा, पुढच्या हिवाळ्यात माझी ती जड चाकं तुम्ही घ्या. बघा कशी ताकद येते."

"मला कशाला? माझी आहेत ना."

लीव्हेनने खाली वाकून पाहिलं. सासऱ्यांच्या सायकलला बारा महिने मडगार्ड आणि चिखल असल्यामुळे तिच्याकडे नीट बघण्याची वेळच कधी आली नव्हती. त्याने स्पोक मोजले. छत्तीस भरले.

"तू सगळ्यात जड मागितलीस," दाराशेजारच्या टेबलावर बसलेला नॉर्बर्ट कॉफी ढवळत म्हणाला, "तेव्हा मी त्यांचीच डोळ्यापुढे ठेवून बांधली."

"सोळा वर्षं झाली. उन्हाळा, हिवाळा हीच," ओमेर म्हणाले. "मोडत नाहीत, मग बदलायची कशाला?"

मग त्यांनी जावयाच्या सायकलचं पुढचं टोक एका बोटाने उचलून पाहिलं. भुवया वर गेल्या. दुसऱ्यांदा उचलून पाहिलं.

"नॉर्बर्ट, अशी एक जोडी मलाही लावून दे. अ गटात काय चालतं ते बघू तरी."

त्या दुपारी सासूबाईंनी बटाट्याचे क्रोकेट तळले होते. लीव्हेन अ गटाचा माणूस म्हणून सासऱ्यांसमोर बसला आणि क्रोकेटचं ताट पुन्हा पुन्हा त्यांच्यापुढे सरकवत राहिला.