जतहून मेढ्याला पाणी

आप्पासोंचा छोटा ट्रक पाण्याची टाकी वाहायचा. जतच्या रस्त्यांनी त्याची पुढची चाकं पार खिळखिळी करून टाकली, म्हणून आप्पासोंनी पुढं दोन्ही चाकांना जोडणारा सलग एक्सल बसवून घेतला. आता त्यावर स्प्रिंगचे नवे पाटे घालायचे होते. गॅरेजात फिटर सिद्धूनं विचारलं, "आवं आप्पा, पाटं कसलं घालू? मऊ का कडक?"

आप्पासो गोंधळले. "फरक काय रं?"

"मऊ घातलं तर भरल्यावर गाडी बसंल. कडक घातलं तर रिकामी उडंल."

"मग मधलं घाल की."

"मधलं घातलं तर भरल्यावर जरा बसंल, रिकामी जरा उडंल."

आप्पासोंनी डोक्यावरचा पटका सोडून पुन्हा बांधला. तरी काही सुचेना. शेवटी म्हणाले, "टँकर रिकामा कोन हिंडवतं गड्या? कडकच घाल."

दुसऱ्याच दिवशी मेढ्याला आप्पासोंच्या बायकोच्या, भामाबाईच्या भाच्याची हळद होती. नवरदेवाचा बाप, म्हणजे तिचा धाकटा भाऊ आकाराम, फार मानी. आत्या पोचली नाही तर तो जन्मभर बोलणं टाकणार. नवराबायको रिकामाच ट्रक घेऊन निघाली. गावाची वेस येईपर्यंत भामाबाईचं डोकं चार वेळा टपाला आदळलं.

"थांबवा! मी हळदीला चाललीया का हाडं मोडून घ्यायला?"

"पाट्यास्नी वजन पायजे गं."

"मग घाला की वजन!"

वाटेवरच घरची विहीर होती. आप्पासोंनी टाकी गच्च भरली आणि ट्रक पाळण्यासारखा डुलत निघाला. भामाबाईला कडेगाव कधी गेलं ते कळलंच नाही.

मेढ्यात आकाराम हसत मांडवाबाहेर आला. टाकीखाली ठिबकणारं पाणी दिसलं आणि त्याचं हसू मावळलं. "दाजी, पानी आनलंय?"

"व्हय. गच्च भरून!"

"म्हंजे आमच्या घरचं पानी तुमाला चालत न्हाई?"

आप्पासो घाईनं म्हणाले, "तसं न्हाई. त्ये पाट्यासाठी हाय."

"पाटं पानी पित्यात व्हय? आक्का, तूबी ह्यात हाईस?"

भामाबाई रडकुंडीला आली. "आरं, पानी नसलं की मला लागतं."

"काय लागतं?"

"टप."

आकारामला त्यातलं काहीच कळलं नाही. तो पाठ फिरवून चालू लागला. तेव्हा आप्पासोंनी टाकीचा कॉक सरळ उघडला. पाणी उतारानं वाहून जायला लागलं. दुष्काळी जतच्या माणसाला ते बघवेना, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. टाकी रिकामी झाल्यावर ते म्हणाले, "पाव्हणं, बसा. एक चक्कर मारू."

ट्रक एस्टी स्टँडपर्यंत जाऊन परत आला. आकाराम खाली उतरला तेव्हा त्याचा फेटा गळ्यात आला होता आणि दोन्ही हात कमरेवर होते. पाहुणे भोवती गोळा झाले.

"मोटर चालू करा रं!" तो कण्हत ओरडला. "दाजींची टाकी भरा. आक्काला असल्या गाडीतनं रिकामी लावून देत न्हाई मी!"

भामाबाईनं डोळे पुसले. तेवढ्यात आतून हळदीचं ताट आलं. कुणीतरी म्हणालं, "आत्याबाई, पयली हळद तुमी लावा."

"लाव आक्का," आकाराम बाकावर पालथा पडत म्हणाला. "पर पयली मला."