तात्यांच्या फळीचा रंग

वामनतात्या कुणाच्याही घरी गेले की आधी दाराला नख लावायचे. घरातली मंडळी "या, बसा" म्हणत असायची आणि तात्या उंबऱ्यातच उभे राहून दाराच्या कडेचा रंग अंगठ्याच्या नखाने हळूच उचकटून पाहायचे. टवका निघाला तर तो हुंगायचे, बोटांत चुरडायचे आणि मग विचारायचे, "तेल कच्चं होतं की हो?" एकदा आपल्या पुतण्याला मुलगी दाखवायची म्हणून आमच्या गल्लीतले एक गृहस्थ तात्यांना वडीलधारे म्हणून सोबत घेऊन गेले. सगळे मुलीकडे बघत होते, तात्या तिच्या मागच्या कपाटाकडे. मुलगी कशी वाटली विचारल्यावर म्हणाले, "मुलगी चांगली आहे. कपाट मात्र यंदाचा उन्हाळा काढायचं नाही." त्यानंतर त्यांना असल्या कामाला कुणी नेलं नाही.

"पण टिकेल का?" हा त्यांचा नेहमीचा सवाल. कुणी सायकल घेतली, कुणी नोकरी बदलली, सोलापुरात पहिला बोलपट लागला, तात्यांचं एकच. एका बारशाला पाळण्याच्या दांडीवरून बोट फिरवत त्यांनी हाच प्रश्न विचारला. बाळाची आजी पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही.

तात्या होटगी स्टेशनात मालाच्या कचेरीत होते. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळच्या गाडीने यायचे आणि येताना मालगाडीच्या वाघिणींच्या रंगाचे टवके कागदाच्या पुडीत बांधून आणायचे. वाघीण उन्हातान्हात उभी असते, पावसात भिजते, तिचा रंग टिकतो तर आपल्या कपाटाचा का टिकू नये, असा त्यांचा हिशेब. या सगळ्या खटाटोपाचं मूळ त्यांच्या स्वयंपाकघरातल्या त्या कपाटात होतं, म्हणून ते आधी सांगितलं पाहिजे.

तात्या आणि त्यांचे थोरले बंधू अण्णा पूर्वी एकत्र राहत. अण्णा शाळामास्तर, शब्दाचे पक्के आणि तेवढेच हट्टी. तात्यांची बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नव्हतं. अण्णांनी करमाळ्याकडच्या एका घरी तात्यांच्या दुसऱ्या लग्नाचा शब्द देऊन टाकला, आणि तो तात्यांना न विचारता. तात्या नाही म्हणाले. अण्णांचा शब्द खाली पडला. अण्णांनी रागाने वाटणी मागितली, तात्यांनी रागाने "घ्या" म्हटलं, आणि दोघांपैकी एकालाही पुढे माघार घेता येईना. भांडण असं की त्यात कुणाचं वाईट व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं. असली भांडणं फार चिवट असतात.

घराच्या मधोमध भिंत घालायची ठरली. ती नेमकी स्वयंपाकघरातून जात होती आणि तिथे वडिलांच्या वेळचं भलंमोठं सागवानी कपाट होतं. ते दारातून बाहेर निघेना. मग भिंत कपाटाच्या दोन्ही अंगांना आली, आणि कपाटाची पाठ काढून तिकडूनही दारं बसवली. इकडची दारं उघडली की तात्यांचं मीठमसाल्याचं सामान, तिकडची उघडली की वहिनींचे डबे. मध्ये फळी हवी. पंचांनी निवाडा दिला: भिंत अण्णांनी बांधायची, फळी तात्यांनी ठोकायची.

अण्णांची भिंत पंधरवड्यात उभी राहिली. तात्यांची फळी रंगावर अडली.

त्यांचं म्हणणं मोठं सयुक्तिक होतं. कपाट धुराने काळं झालेलं. ते खरवडून नव्याने रंगवायचं, तर फळीही त्याच रंगाची हवी. आणि एकदा ठोकली की तिच्या कडांना पुन्हा हात पोचायचा नाही. "म्हणून रंग असा हवा की आपण गेलो तरी तो राहिला पाहिजे," तात्या म्हणायचे. यावर कुणाला काय बोलता येणार? सुताराने फळी रंधून दिली होती, ती चुलीजवळच्या भिंतीला टेकून उभी राहिली. पुढे तात्या तिच्यावर धोतर वाळत घालू लागले.

पहिल्या वर्षी त्यांनी जवसाचं तेल आणि राळ घरीच कढवली. गल्लीतल्या लोकांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तो रंग सुकायला श्रावण उजाडला, म्हणून बाद. मग मुंबईचा तयार डबा आला. रंग उत्तम होता, पण सोबतच्या ब्रशाला डुकराचे केस आहेत असं तात्यांना कुणीतरी सांगितलं. पलीकडे वहिनींचं कडक सोवळं. तात्यांनी ब्रश काठीने उचलून बाहेर टाकला आणि घायपाताचा कुंचा करून आणला. त्याने रंगावर शेतातल्यासारख्या सऱ्या पडल्या, म्हणून तोही रंग बाद. पुढचा हळदीने डागाळला. त्याच्या पुढचा दुधाच्या वाफेने फुगला. रंग लावलेल्या लाकडाच्या चिपा त्यांच्या चुलीवर दोरीला टांगलेल्या असत. त्यांना हळद लागे, चिंचेचं पाणी लागे, आणि मग सोलापूरच्या चैत्रात त्या पत्र्यावर पडत. त्या उन्हात माणसाचं कातडं सोलून निघतं, तिथे रंग काय करील?

आमचा रंगारी सिद्राम दर दिवाळीला त्यांना विचारायचा, "तात्या, रंग लावायचा हाय का त्येची सोयरीक जुळवायचीय?"

तात्या शांतपणे म्हणायचे, "घाईनं लावलेला रंग घाईनं जातो, सिद्राम."

अशी बरीच वर्षं गेली. आम्हा गल्लीकरांना तो एक चांगला विषय होता. मी स्वतः एका गिरणीच्या कचेरीत कारकून. सुताला खळ लावण्याच्या खात्यात दिवसभर वाफ कोंडलेली असते. तिथल्या भिंतींना लावायला आमच्या इंजिनिअरने एक रंग मागवला होता, आणि दोन वर्षं झाली तरी तो तसूभर हलला नव्हता. साहेबांना विचारून मी उरलेला एक डबा तात्यांसाठी घेऊन आलो. मला वाटलं, माणसाचं एवढं कोडं सुटतंय तर आपल्या हातून सुटू दे.

तात्यांनी चीप रंगवली, वाळवली आणि तिचे हाल सुरू केले. हळद लावली, पुसली गेली. वाफ दिली, काही झालं नाही. नख लावलं, नखच दुखलं. सबंध उन्हाळा ती पत्र्यावर पडून होती. दसऱ्याच्या आधी मी विचारायला गेलो तर तात्या ती चीप हातात घेऊन बसले होते.

"काय झालं?"

"काही नाही झालं," तात्या म्हणाले. "टिकला की हो."

आवाज असा, की घरात कुणी आजारी असावं. मी ते मनावर घेतलं नाही. मी आनंदाने ही बातमी गल्लीभर केली, सिद्रामला रविवारचा सांगावाही मीच धाडला. त्या आठवड्यात तात्या आमच्याकडे दोनदा आले, पण दाराला नख लावलं नाही. तेव्हा मात्र मला थोडं चमत्कारिक वाटलं.

रविवारी तमाशा बघायला म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. तात्यांनी चूल पेटवलीच नव्हती. फळी जमिनीवर आडवी घातलेली, सिद्राम रंग ढवळत बसलेला. "सामान काडा की आता," तो म्हणाला. तात्यांनी कपाट उघडलं. त्यांच्या डब्यांच्या मागे, मधल्या कप्प्यात, एक झाकलेली वाटी होती. तिच्या झाकणाला वाफ धरलेली. तात्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून कोपऱ्यात ठेवली आणि तिच्यावर पंचा टाकला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी ठेवतात. रोज. कुणी कुणाला काही म्हणत नाही."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. फळी ठोकली की वाटी बंद. इतकी वर्षं हा माणूस रंग शोधत नव्हता, एकेक रंग नापास करत होता, आणि मी त्याला पास होणारा आणून दिला होता. मला फार वाईट वाटलं. नको म्हणायलाही जागा उरली नव्हती. पंचांचा निवाडा, फळी तयार, रंग तयार, रंगारी हजर.

सिद्रामने ब्रश बुडवला, तेवढ्यात कपाटाची पलीकडची दारं उघडली. डब्यांच्या मधून अण्णांचा चेहरा दिसला. वाटणीनंतर या बाजूला तो मी पहिल्यांदाच बघत होतो. अण्णांनी हात लांब करून म्हटलं, "सिद्राम, ती चीप दे."

सिद्रामने चीप दिली. अण्णांनी तिला नख लावलं, हुंगली, उजेडात धरली. मग भावाकडे न बघता म्हणाले, "सिद्राम, त्याला सांग, हा रंग पिवळा पडतो."

तात्या उभेच होते. घसा खाकरून म्हणाले, "सिद्राम, त्यांना विचार, कधी पडतो?"

सिद्राम एकदा इकडे, एकदा तिकडे बघू लागला. दोघेही हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर होते.

"लगेच नाही पडत," अण्णा म्हणाले. "आमच्या शाळेच्या फळ्यांच्या चौकटी बघितल्यात मी. तीन-चार वर्षांनी पडतो. बघावं लागेल."

मी गिरणीच्या भिंतींबद्दल बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. आतून वहिनींच्या बांगड्या वाजल्या, कुणीतरी कुणाला काहीतरी हळू सांगितलं.

"बघू या की," तात्या म्हणाले. हे सिद्रामला नव्हतं.

सिद्रामने ब्रश डब्याच्या काठावर निथळला आणि झाकण लावलं. अण्णांनी चीप आपल्याच बाजूला ठेवून घेतली. दार ओढता ओढता ते थांबले.

"वामन," ते म्हणाले, "भाजी निवतेय. जेवून घे."

दार नुसतं लोटलं गेलं, कडी लागल्याचा आवाज आला नाही. तात्या ताट शोधायला लागले, आणि समोरच पालथं घातलेलं ताट त्यांना बराच वेळ सापडेना.