पास न झालेली कॉफी

आमच्या शेजारचे डबीर काका स्वतः केलेली कॉफी स्वतः चाखत नाहीत. आवडत नाही म्हणून नव्हे. त्यांच्या ओट्यावर कॉफी करायची जेवढी आयुधं मांडलेली आहेत, तेवढी भांडी माझ्या अख्ख्या संसारात नाहीत. पण कप भरला की काका तो समोरच्याच्या हातात देतात, दोन पावलं मागे सरकतात, हात पाठीशी बांधतात आणि टक लावून पाहत उभे राहतात. समोरचा 'पास' म्हणाला, तरच ते स्वतः घोट घेणार. आता समोरचा म्हणजे बहुतेक वेळा कुमुदकाकू. आणि काकूंनी आजतागायत एकही कप पास केलेला नाही.

मग काका कप उचलतात, कॉफी गार झाली की परसातल्या कढीपत्त्याला ओतून येतात आणि स्वतःसाठी चहा टाकतात. आमच्या सबंध राइट टाउन वस्तीत इतका तरारलेला कढीपत्ता तुम्हाला दुसरा दिसायचा नाही.

"अहो काका, एक घोट घेऊन तर पाहा ना स्वतः!" मी एकदा न राहवून म्हटलं.

मी काही तरी अचकट-विचकट बोलले असावे, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ज्यानं बनवला त्यानं तपासायचा नाही, बेटा. बनवणारा वेगळा, पास करणारा वेगळा. नाही तर कारखाने बुडतात."

काका इथल्या एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. दुसऱ्यांनी केलेले लोखंडाचे भाग हातात घ्यायचे, माप लावायचं आणि दोनच शब्द बोलायचे, पास किंवा रिजेक्ट. जन्मभर हेच केलं, तर ते घरी आल्यावर सुटतं थोडंच! भाजीवाल्याची भेंडी रिजेक्ट. माझ्या नवऱ्यानं हौसेनं घेतलेली स्कूटर बघून "चलो, चालेल काही दिवस." त्यांच्या मुलीला स्थळं येत होती तेव्हा तर कहर झाला. एका मुलाबद्दल म्हणाले, "वरून पॉलिश आहे, आत पोकळ. ठोकून पाहिलं मी." ठोकून म्हणजे बोलून, हे सांगायला काकूंना मुलाच्या आईला फोन करावा लागला. शेवटी मुलीनं आपलं आपण जमवलं. त्या जावयाला काका अजूनही 'सशर्त पास' म्हणतात.

असा माणूस रिटायर झाला. निरोपसमारंभ झाला, हार झाले, शाल झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला आणि काका अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे आणि बूट घालून ओसरीतल्या खुर्चीत येऊन बसले. जेवायची वेळ होईपर्यंत तसेच. मी शाळेत शिकवून दुपारी परत यायची तेव्हाही बूट पायातच असायचे. "काय काका, कुठे निघालात?" विचारलं की म्हणायचे, "नाही, बसून राहिलो." आधी हसू यायचं. पुढे पुढे येईना. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं, भाजीवाल्याची भेंडी जशी येईल तशी घरात जाऊ लागली. काकू माझ्याकडे वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं यायच्या आणि न मागताच परत जायच्या. माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता आणि आम्ही काय करावं ते आम्हाला कळत नव्हतं.

आणि एक दिवस मी पाहते तो काय, खुर्ची रिकामी! आतून काकांचा आवाज, खणखणीत. "नीट आठवून सांग. कडक होती म्हणजे किती कडक?"

झालं होतं असं. काकू सहज बोलून गेल्या होत्या की लग्नाआधी एका मैत्रिणीच्या घरी त्यांनी एक कॉफी प्यायली होती. मैत्रिणीचे वडील दक्षिणेकडे बदलीवर राहून आलेले. तशी कॉफी पुन्हा उभ्या जन्मात मिळाली नाही. बस्स! काकांना तेवढं पुरलं.

"कडक होती, पण कडू नव्हती," काकू म्हणत होत्या. "गोड होती, पण साखरेची गोडी नाही. आणि प्यायल्यावर नं, बराच वेळ बोलूच नये असं वाटायचं."

"शेवटचा मुद्दा मोजता येणार नाही," काका म्हणाले. "बाकी पाहून घेतो."

मला स्वतःला कॉफीचं कौतुक नाही. मी चहाची. आमच्याकडे कॉफी म्हणजे एकादशीला, भरपूर दुधात, जायफळ उगाळून. हे मी काकांना सांगायची चूक केली. "जायफळ!" ते कळवळले. "अगं, ओतकामात भोक राहिलं की बदमाश लोक त्यात पुट्टी भरतात आणि वरून रंग मारतात. जायफळ म्हणजे पुट्टी." तेव्हापासून आमच्या घरची एकादशीसुद्धा रिजेक्ट आहे.

मग सुरू झाली खरेदी. आधी आली कंबरेत बारीक, अष्टकोनी इटालियन किटली. गॅसवर ठेवली की खालचं पाणी वाफेच्या जोरानं कॉफीच्या पुडीतून वर चढतं. काका तिच्यावर फिदा. "प्रेशर आहे, सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. याला म्हणतात काम!" काकूंनी घोट घेतला. "करपट लागून राहिली." रिजेक्ट. मग काचेचं भांडं आलं, वरून जाळीचा दट्ट्या दाबायचा. काकू म्हणाल्या, तळाशी गाळ येतो. मग कागद बसवलेलं नरसाळं आणि लांब चोचीची किटली. काका त्या पुडीवर गोल गोल धार धरायचे, श्रावणात पिंडीवर अभिषेक करावा तशी, आणि तेवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही. काकूंचा निकाल, "पाणचट. ही कॉफी नव्हे, कॉफीची चुलतबहीण." शेवटी दोन मजली पितळी फिल्टर आला. त्या दिवशी काकू डोळे मिटून म्हणाल्या, "हं, जवळ आली. पण ती नव्हे." जवळ आली! काका दिवसभर शीळ घालत होते.

पूड चमच्यानं मोजणं त्यांना पटेना. "चमचा हे माप नाही, चमचा ही अफवा आहे." म्हणून सराफ्यात गेले, सोनाराचा काटा आणायला. मी सोबत होते, मला माझ्या पाटल्या उजळायला द्यायच्या होत्या. दुकानदारानं विचारलं, "चाचाजी, क्या तौलेंगे? सोना कि चाँदी?" काका म्हणाले, "कॉफी." त्यानं भावाला हाक मारली, भावानं बापाला, आणि तिघांनी मिळून काकांना नीट पाहून घेतलं. मी पाटल्या विसरून दुकानाबाहेर येऊन उभी राहिले.

दूध शहपुऱ्याच्या एका म्हशीचं, ओळखीच्या माणसाकडून. पाण्यावर शंका आली म्हणून ग्वारीघाटावरून नर्मदेचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं. काकू हात जोडून म्हणाल्या, "माईला कॉफीत कालवता? काही तर भीती ठेवा!" बिया थेट कूर्गहून मागवल्या, आणि भाजून देणाऱ्यावर विश्वास नाही म्हणून कढईत स्वतः भाजल्या. काय तो धूर! समोरच्या घरातले भैया पाण्याची बादली घेऊन धावत आले, "दादा, आग कहाँ लगी?" काका कढईवरून नजर न काढता म्हणाले, "रुकिए भैया, अभी दूसरी बार चटकी नहीं है." बी दोनदा तडकली की भाजणी पुरी, हे त्यांचं माप.

हसून हसून मुरकुंडी वळायची माझी. पण काका जेवत होते, भांडत होते, भेंडी परत पाठवत होते. काकू रोज सकाळी टेबलाशी बसून कप नापास करत होत्या, आणि मला मनातून त्यांचा राग यायचा. एकदा तर म्हणावं पास, बाई! म्हातारा एवढा जिवाचं रान करून राहिला, तर काय जातं तुमचं?

या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं. काकू नागपूरला निघाल्या. आदल्या दिवशी त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

"वंदना, शाळेत जायच्या आधी रोज येत जा. कप तपासायला."

"काकू, मी चहावाली बाई. मला काय समजतं त्यातलं?"

"समजायला काहून पाहिजे? रिजेक्ट म्हणायचं फक्त."

"आणि चांगली झाली असली तर?"

"तरी."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "काकू, हे बरं नाही हं. जीव तोडून करून राहिले बिचारे. तुमच्या त्या कॉफीसारखी एक दिवस झाली, तर..."

"अगं, ती कॉफी नव्हतीच," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मैत्रीण होती. तिचे वडीलही होते. पण त्यांच्याकडे चहाच व्हायचा."

काकू साडीच्या घड्या उगाचच पुन्हा घालत होत्या. "माणूस बूट घालून ओसरीत बसायचा. तू पाहिलंस नं? रात्री म्हणायचे, कुमुद, आता मला कोणी काही विचारत नाही. एके दिवशी मीच तोंडाला येईल ते बोलून गेले. कॉफी म्हटलं, का म्हटलं देव जाणे. तर हे ताडकन उठले. म्हणाले, स्पेसिफिकेशन सांग. मी न्हाणीघरात जाऊन रडले, वंदना. आता तूच सांग, पास म्हटलं तर उद्या उठून करतील काय? पुन्हा ती खुर्ची?"

जिचा इतके दिवस राग राग केला, त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. "येईन," एवढंच म्हटलं.

पहिले काही दिवस सोपे गेले. कॉफी मला तशीही काढ्यासारखीच लागते. घोट घ्यायचा, तोंड वाकडं करायचं, रिजेक्ट म्हणायचं, शाळा गाठायची. तोंड वाकडं करायला मेहनत पडत नव्हती. काका "अच्छा, अच्छा" म्हणत आत वळायचे.

आणि मग एका रविवारी त्यांनी कप आणून दिला. त्या दिवशी भाजणी आदल्या दिवशीची, पूड जरा जाड, पाणी उकळी येऊन निवलेलं, असं काही तरी सांगत होते. मी नेहमीसारखा घोट घेतला आणि थांबले. काय सांगू तुम्हाला! तोंडात आधी कडक आलं, मग कुठून तरी गुळासारखं काही मागाहून आलं आणि जाईना. जिभेवरून पोटात गेलं तरी जाईना. मी चहावाली बाई, पण मला बोलावंसंच वाटेना. आणि लख्ख कळलं, काकूंनी जी कॉफी खोटी सांगितली होती, ती या माणसानं खरी करून माझ्या हातात दिली होती.

काका हात पाठीशी बांधून उभे. डोळे माझ्या तोंडावर.

माझा स्वभाव असा की खोटी चव मला सांगता येत नाही. सासूबाईंच्या भाजीलासुद्धा कधी उगाच छान म्हटलं नाही, आणि त्याबद्दल पुष्कळ ऐकून घेतलं. आता जिभेवर 'वा!' आलेलं. एक शब्द म्हटला असता, तर या माणसानं जन्मात पहिल्यांदा आपल्या हातची कॉफी प्यायली असती. आणि उद्या?

"रिजेक्ट," मी म्हटलं.

"काहून?"

हे काकूंनी शिकवलं नव्हतं. "शेवटी शेवटी... घाई आहे जरा तिच्यात," मी काही तरी ठोकून दिलं.

काकांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "घाई! बरोबर! धार लवकर संपवली मी. वा, बेटा, तुझी जीभ तयार व्हायला लागली!" कप तसाच माझ्या हातात सोडून ते बाह्या सारत स्वयंपाकघरात गेले. मी तिथेच भिंतीकडे तोंड करून उरलेली कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकली. ती कढीपत्त्याला जाऊ देणं माझ्यानं झालं नसतं. रडू येत होतं आणि काकूंचा भयंकर रागही येत होता. हे असलं काम एकटीनं इतके दिवस रोज करत होती ही बाई!

तेवढ्यात त्यांचाच फोन आला.

"उठले का गं हे? कॉफी केली?"

"केली." मी आवाज खाली आणला. "काकू, आज फार सुंदर झाली होती. अशी कॉफी मी जन्मात प्यायले नाही. नापास केली."

काकू म्हणाल्या, "खरंच सुंदर झाली होती?"

"खरंच."

"हाताला चव आहे गं त्यांच्या. पहिल्यापासून आहे. मला कधी सांगता आलं नाही."

आत काका भांडी आपटत होते, स्वतःशीच मोठमोठ्यानं बोलत होते, पाण्याला रागावत होते.

"आवाज त्यांचाच नं?" काकूंनी विचारलं.

"हो. परत करून राहिले. बोलावू का?"

"नको नको. नुसता फोन तिकडे धर," काकू म्हणाल्या. "थोडं ऐकू दे."