तिसरा ॲक्सल

घड्याळजीच्या गाडीचा दुसरा ॲक्सल मोडला, त्या रविवारी बायकोने जेवायला वाढता वाढता निकाल दिला. तिसरा मोडला की गाडी विकायची. ती आवाज चढवून बोलली असती तर त्याने वाद तरी घातला असता. पण हे तिने भाजी वाढताना शांतपणे सांगितलं, आणि तिचं असं शांतपणे सांगितलेलं आजवर कधी टळलं नव्हतं.

एरवी हा माणूस हाताचा इतका हलका, की घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग श्वास रोखून जागेवर बसवायचा. पण रविवारी गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीला उभा राहिला की त्याच्या पायात बैल शिरायचा. हिरवा दिवा लागला रे लागला की क्लच धाडकन सोडायचा. मागची चाकं रस्ता धरायची, सोडायची, पुन्हा धरायची, आणि गाडी जागच्या जागी बेडकासारख्या उड्या मारायची. दर उडीला चाकं फिरवणाऱ्या ॲक्सलच्या दांड्यावर दणका. शेजारचा गडी पलीकडच्या रेषेला पोचलेला असायचा, आणि आमचे घड्याळजी गाडीखाली वाकून तुकडे गोळा करत असायचे.

नवा ॲक्सल घालताना मेकॅनिक म्हणाला, मागचे रबरी बुश सैल झालेत, कडक बसवू, चाक हलणार नाही. बसवले. चाक जरा कमी हलायला लागलं, पण बाकीचं सगळं हलायला लागलं. नेमकं पुढच्या सोमवारी सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. पहिल्या चौकात त्यांचा चष्मा नाकावरून घसरला आणि दुसऱ्या चौकात कवळी सुटली.

सासरे तीस वर्षं शववाहिनी चालवून निवृत्त झालेले. दिवसाला चार वाक्यं बोलले तरी घरात चर्चा व्हायची. त्यांनी कवळी बसवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "जावईबापू, माझ्या गाडीतल्या माणसाने कधी तक्रार केली नाही. पण तुमच्या गाडीत असता तर केली असती."

घड्याळजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने रस्त्याकडेला गाडी लावली आणि दोन ॲक्सलचं सगळं दुःख सासऱ्यांपुढे ओतलं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं, खाली उतरून मागच्या टायरवर अंगठा दाबला आणि शर्यतीपुरती हवा थोडी कमी करायला सांगितली, म्हणजे चाक रस्ता धरेल. बुश ठीक आहेत म्हणाले. खरा बिघाड पायात आहे.

"निघताना गाडीला आधी कळू द्यावं की आपण निघतोय. तिला मागे नीट बसू द्यायचं. मग काय द्यायचा तो जोर द्या."

आठवडाभर संध्याकाळी गल्लीत शिकवणी चालली. सासरे मागच्या सीटवर, मांडीवर ताट आणि ताटात एक काचेची गोटी. गाडी निघाली की गोटीने मागे सरकायचं, उडायचं नाही. गोटी उडाली की "पुन्हा" एवढंच मागून ऐकू यायचं. गाडी दहा पावलं पुढे, दहा पावलं मागे. सासऱ्यांना गाडीत बसून इतकं हळू जाताना बघून गल्लीतल्या तिघांनी खाली येऊन, कोण गेलं म्हणून हलक्या आवाजात चौकशी केली.

शुक्रवारी सासऱ्यांनी स्वतः एकदा करून दाखवलं. गाडी मागच्या चाकांवर अलगद बसली आणि सुटली. गोटी ताटाच्या कडेला आवाज न करता टेकली. घड्याळजी बघतच राहिला. आपल्या दहा बोटांत जेवढं कसब आहे, त्याच्या दुप्पट ह्या माणसाच्या एका पायात आहे, असं त्याला मनापासून वाटलं आणि तो गाडीतल्या गाडीत त्यांच्या पाया पडला.

रविवारी बायकोही धावपट्टीवर आली. तिसरा ॲक्सल मोडताना तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता, आणि येताना तिने पर्समध्ये एका गिऱ्हाइकाचा नंबर आणला होता. हिरवा दिवा लागला. घड्याळजीने गाडीला कळू दिलं, बसू दिलं आणि मग जोर दिला. एकही उडी नाही. शेजारची गाडी अजून बेडूक होती, तेव्हा हा पलीकडे पोचला होता. बायकोने नंबराचा कागद मुकाट्याने फाडला.

घड्याळजीने भेटेल त्याला सांगितलं की हे सगळं माझ्या गुरूंचं. सासऱ्यांभोवती गर्दी जमली. सासरे जरा वेळ गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकदा मी बसू?"

नाही कोण म्हणणार? बायकोने स्वतः वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट बसवलं. कसं सुटायचं ते शिकायला इतर गडी रेषेशी ओळीने उभे राहिले. हिरवा दिवा लागला आणि सासऱ्यांनी इंजिन किंचाळेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून क्लच धाडकन सोडला. गाडीने चार उड्या मारल्या. पाचव्या उडीला ओळखीचा आवाज आला.

नवरा-बायको धावत गेली. सासरे स्टिअरिंगला धरून हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, श्वास पुरत नव्हता.

"तीस वर्षं, तीस वर्षं मला असं एकदा सोडायचं होतं," ते म्हणाले. "पण मागे कायम कोणीतरी असायचं गं."

मुलगी दाराशी उभी राहिली. वडिलांना गाडीत हसताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं. घड्याळजीने मनातल्या मनात गाडीचा निरोप घेतला. मग तिने वडिलांचं हेल्मेट सरळ केलं आणि भाजी वाढताना बोलावं तितक्या शांतपणे विचारलं, "अहो, शनिवारपर्यंत चौथा ॲक्सल बसेल ना?"