आप्पा हवालदारांचा डावा दिवा

आप्पा हवालदार पायी चालतानासुद्धा हात दाखवून वळायचे. देवळाकडं वळायचं असो की स्वतःच्या दारात, आधी हात आडवा, मग मान मागं, मग पाऊल. एकदा आमच्या गल्लीतून वरात चालली होती. कोपरा आला तसे आप्पा पळत पुढं गेले आणि घोड्यावरच्या नवरदेवाला ओरडले, "आवं पावणं, हात दावा की! घोडं काय तुमाला इचारून वळतंय व्हय?" नवरदेवानं घाबरून हात दाखवला. मागच्या वाजंत्रीवाल्यांनीही दाखवला.

लष्करात त्यांनी बारा-पंधरा वर्षं मोटारसायकलवरून डाक पोचवली होती. "इशारा आदी, वळण मागनं" हा त्यांचा मंत्र. जो पाळणार नाही त्याला एकच शिवी, "ढिलाई!" भाजीत मीठ कमी पडलं तरी ढिलाई, एसटी उशिरा आली तरी ढिलाई.

पेन्शनीत आल्यावर त्यांनी लष्करी लिलावातली एक मोटारसायकल तासगावला आणली. लढाईच्या वेळची, हिरवी, आणि आवाज तर विचारूच नका. द्राक्षं भरली की बागवाले स्वतःहून म्हणायचे, "आप्पा, आमच्या बांधावरनं एक चक्कर टाका, पाखरं लय झाल्यात." तिला मुळात इंडिकेटर नव्हतेच. आप्पांनी ट्रॅक्टरचे दोन भलेमोठे दिवे आणून मागं दोन्ही बाजूंना बांधले. उजवा झकास लागायचा. डावा लागायचा नाही, आणि त्यातच माझी अब्रू अडकली.

मी तेव्हा पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. घरात रेडिओ ठेवायला लायसन लागायचं तेव्हाची गोष्ट. वायर दिसली की लोक माझ्याकडं यायचे, तसे आप्पाही आले. "डावा दिवा पेटंना रं. तुज्या काकीचा हुकूम हाय, आजच नीट करून आना. हुकूम म्हंजे हुकूम." मी वायर जोडली, दिवा उघडझाप करू लागला, आप्पांनी कडक सलाम ठोकला. चार दिवसांनी पुन्हा दारात. "पेटंना रं."

बल्ब बदलला. बटण बदललं. आठवडा झाला की आप्पा हजर! पेठेत बोंब झाली. शेजारचा टेलर येता-जाता विचारायचा, "काय इंजिनेर, लागला का दिवा?" अहो, सांगलीहून लोक माझ्याकडं रेडिओ घेऊन यायचे, आणि एका दिव्यानं मला असं नाचवावं? "ज्याला दिवा येत न्हाई त्याच्याकडं रेडू कशाला टाकायचा," म्हणत दोन गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली, तेव्हा मात्र माझी झोप उडाली.

दिवा बंद असला की आप्पा एकटे गाडी काढायचे नाहीत. वळताना क्लचवरचा डावा हात सोडणं म्हणजे ढिलाई. म्हणून मागं पारूकाकी, त्यांची बायको. काकी नऊवारी सावरून डावीकडं तोंड करून बसायची आणि आप्पांचं कोपर मागं लागलं की हात लांब काढायची. गिरणी, बाजार, देऊळ, सगळीकडं जोडी. काकीला अलीकडं ऐकू येईनासं झालं होतं, पण इशारा कधी चुकला नाही. माझ्या दुकानापर्यंतची वळणं तेवढी सगळी उजवी, म्हणून तिथं आप्पा एकटे यायचे.

सहाव्या खेपेला मी दिवा खोलला आणि बघतच राहिलो. वायर तुटली नव्हती, पकडीनं कापली होती. कापण्यातसुद्धा लष्करी शिस्त. माझं डोकंच फिरलं.

"आप्पा, ही कुणी कापली?"

"म्या. बल्ब आन् बटनबी म्याच घालीवलं हुतं."

"कशापायी? पेठेत तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाई तुमी मला! धंदा बसायची येळ आली माझा!"

आप्पा स्टुलावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तिला ऐकू येईना झालं, तवापासनं घराभाईर पडंना रं. बायकांत बसली की समद्या हसत्यात, हिला कळंना कशापायी. हिला वाटतंय आपल्यालाच हसत्यात. वरीसभर उंबरा वलांडला न्हवता तिनं. मग डावा दिवा गेला. पयल्यांदा खराच गेला हुता. म्हनलं, हात दावायला तरी चल. तर आली."

"मग दुरुस्तीला कशाला आणताय?"

"तीच धाडती की. म्हातारपनी गाडीवर मिरवाय लाज वाटती म्हनं." आप्पा टोपी चाचपत राहिले. "पर गाडी चालू झाली की मलाबी काय ऐकू येत न्हाई बघ. तितं आमी दोघं सारकीच."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी वायर न जोडताच दिवा बंद केला आणि, परतीची वळणं सगळी डावी म्हणून, आप्पांबरोबर गाडी ढकलत त्यांच्या घरी गेलो.

काकी दारातच होती. "लागला का रं दिवा?"

"न्हाई, काकी."

"आं?"

मी तिच्या कानाशी वाकलो. "न्हाई जमलं!"

"मोट्यानं बोल की!"

मी एकदा गल्लीकडं बघितलं, छाती भरून घेतली आणि ओरडलो, "मला येत न्हाई दुरुस्त कराय! कदीच यायचं न्हाई! तुमालाच जावं लागंल हात दावायला!"

चार खिडक्या उघडल्या. कुणीतरी खो-खो हसलं.

काकीनं माझ्याकडं बघून कीव आल्यासारखी मान हलवली. "येवडं दुकान मांडलंस, आन् एक दिवा येईना व्हय रं तुला?" म्हणाली, आणि पदर खोचून गाडीवर जाऊन बसली.