हाताले बसलं पाहिजे

आमच्या शेजारचे धोटे गार्ड भेटल्यावर नमस्कार करत नसत, हात मागत. तुम्ही भोळेपणाने हात पुढे केला, की तो उलटा करायचे, अंगठा आणि तर्जनी ताणायचे, खिशातली सहा इंची पट्टी काढून त्या दोघांमधल्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजायचे, "मोठा आहे" म्हणायचे आणि हात परत करायचे. दूधवाल्याचा हात मोजून झाला होता, गणपतीची वर्गणी मागायला आलेल्यांचे झाले होते. दाताच्या डॉक्टरने दाढ उपटून हात धुतले, तर धोट्यांनी गालात कापूस असतानाच त्याचाही हात मोजला आणि मानेनेच "मोठा" म्हणून सांगितलं.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. गावात जो तो एकदम मोठा झाला होता. कालपर्यंत सायकलवर फिरणाऱ्याच्या मागे आज बंदूकधारी शिपाई. शंकर नगरात ज्याचं घर होतं, त्याच्याकडे भोपाळहून आलेले साहेब लोक भाड्याने राहायला आले आणि तो रस्त्यात ओळख देईनासा झाला. आम्ही तात्यापाऱ्यातले तेवढे जिथल्या तिथे राहिलो. म्हणून मी ठरवलं, की आपणही काहीतरी करायचं, आणि पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज केला.

आता आमचं घराणं भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं. घरात तलवार आहे. गंजली आहे, म्यानातून निघत नाही, पण आहे. दसऱ्याला अख्खा पारा, म्हणजे सगळी वस्ती, तिची पूजा करायला आमच्या ओसरीवर येतो. तेव्हा अर्जात 'शस्त्र काहून पाहिजे' असा जो रकाना होता, त्यात मी ऐटीत 'खानदानी परंपरा' असं लिहिलं आणि तलवारीचा फोटो जोडला. सहा महिन्यांनी उत्तर आलं, 'आवश्यकता प्रतीत नहीं होती.' माझी पोट्टी मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देते. ती म्हणाली, "पापा, आपकी तलवार से भिंडी भी नहीं कटेगी, वो लोग फोटो देखकर समझ गए होंगे." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

आणि धोट्यांना परवाना मिळाला! मालगाडीचा गार्ड, वर्ध्याकडून बदली होऊन आलेला माणूस. दसऱ्याला त्याच्या घरी कशाची पूजा व्हायची, तर लाल-हिरवी झेंडी, बत्ती आणि शिट्टी. मी दरवर्षी त्या शिट्टीकडे दयेने पाहत आलो होतो. माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही ओवा खाऊन थांबणारं नव्हतं. लपवून काय करता, मी जळत होतो. ऑफिसात फायलीवर सही करताना जळत होतो, जेवताना जळत होतो. येत्या दसऱ्याला अख्खा पारा धोट्यांच्या ओसरीवर पिस्तूल पाहायला जाणार आणि माझी तलवार एकटी हळदीकुंकू लावून बसणार, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

पण धोटे पिस्तूल घेईनात. कारण त्यांचा तो जुना आजार. कोणतीही वस्तू असो, "हाताले बसलं पाहिजे" हे त्यांचं पालुपद. छत्री घ्यायला त्यांनी तीन महिने लावले होते, मूठ बसत नव्हती म्हणून. तोवर पावसाळा संपला. हातोडी आणली की आधी तिचा दांडा बदलायचे. एकदा आमच्याकडे चहा घेताना कपाचा कान बोटाला बसत नाही म्हणून बशीत ओतून प्यायले आणि जाताना माझ्या बायकोला, शैलाला, कोणत्या दुकानात चांगल्या कानाचे कप मिळतात ते सांगून गेले. "जे हाताले बसत नाही ना भाऊ, ते वेळेवर दगा देते," असं म्हणायचे.

सुट्टीचा दिवस आला, की धोटे आंघोळ करून, शर्टाची वरची गुंडी लावून, बंदुकीच्या दुकानात निघायचे. परतताना मी मुद्दाम ओसरीवर बसलेला असे.

"काय झालं गार्डसाहेब, घेतली?"

"नाही बसली."

"काहून?"

"मोठी पडते हाताले."

आता धोटे म्हणजे सहा फूट माणूस, त्यांचा पंजा पोळपाटाएवढा. त्यात पिस्तूल ठेवलं तर शोधावं लागेल. आणि म्हणे मोठी पडते! ही गोष्ट मी पानठेल्यावर सांगितली. दोन वेळा सांगितली. तिसऱ्या वेळी पानवालाच मला सांगायला लागला. पाऱ्यात त्यांचं नाव 'नाजूक गार्ड' पडलं. पोट्टे त्यांना पाहून आपल्या करंगळ्या मोजायचे. धोटे हसायचे, "हव रे बाबा, नाजूक आहो मी," असं म्हणायचे आणि पुढे जायचे. एकदाही चिडले नाहीत. मला त्याचाही राग यायचा.

परवाना मिळाला, की ठरल्या मुदतीत हत्यार घ्यावं लागतं, नाहीतर तो परवाना गेला. हे नियम मी तोंडपाठ करून ठेवले होते. धोट्यांनी एकदा मुदत वाढवून घेतली होती, ती संपायला महिनाच उरला होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे रोज बघायचो. शैलाने विचारलं, काय पाहून राहिले, तर एकादशी पाहतो म्हणालो.

मग एका रविवारी सकाळी धोटे आमच्या दारात उभे. शैला कणीक मळता मळता बाहेर आली. धोट्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "वहिनी, हात द्या जरा," म्हणाले. तिने कणकेचा हात पदराला पुसला आणि दिला! त्यांनी बेचक्यापासून पेरापर्यंत पट्टी लावली. पुन्हा लावली. मग पट्टी खिशात ठेवून म्हणाले, "हाच." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'मोठा आहे' सोडून दुसरं काही निघालं होतं. आठच दिवस उरले आहेत, वहिनींनी एकदा दुकानात येऊन फक्त हातात धरून पाहावं, असं त्यांनी विनवलं.

मी तिथल्या तिथे नाही म्हणालो. आमच्या घरच्या बाईने परक्याच्या पिस्तुलासाठी बंदुकीच्या दुकानात जायचं? आणि हात मोजायला दुसरं कोणी सापडलं नाही? धोटे गेले. आत येऊन पाहतो तर शैला कणीक बडवत होती.

"काहून नाही म्हटलं?" तिने विचारलं.

"तुझा हात काहून पाहिजे त्याले? अन् तू लगेच दिला!"

"बावीस वर्षं झाले लग्नाले. माझ्या बांगडीचं माप सांगा."

मी खूप आठवून पाहिलं. मग तिच्या मनगटाकडे पाहायला लागलो.

"त्या माणसानं दोन मिनिटात घेतलं," ती म्हणाली. "मी जाऊन राहिली. तुम्हाले यायचं तर या."

मी गेलो. रिक्षात दोघांच्या मध्ये बसलो.

दुकान जुन्या बाजारात, एका गल्लीत होतं. काउंटरमागे चष्मा लावलेला म्हातारा दुकानदार. धोट्यांना पाहून तो कंटाळला आणि शैलाला पाहून उठून उभा राहिला. "आइए मैडम, आखिर आप आ ही गईं," म्हणाला. धोटे घाईघाईने म्हणाले, "ये वो नहीं हैं. इनका हाथ वैसा है." मला काही कळेना. मी काउंटरवरचा परवाना ओढून पाहिला. त्यावर धोट्यांचा फोटोच नव्हता. डोक्यावर पदर घेतलेली, खाली पाहणारी त्यांची बायको होती. श्रीमती कुसुम मनोहर धोटे. धोट्यांच्या पिशवीत अर्जाची नक्कल होती, त्यावरचा तो रकाना मी आधी शोधला, स्वभावाला औषध नाही. माझ्या 'खानदानी परंपरे'च्या जागी तिथे वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'पति मालगाड़ी पर रहते हैं. मैं घर में अकेली रहती हूँ.'

दुकानदार म्हणाला, ज्याच्या नावाचा परवाना, हातही त्याचाच पाहिजे, हे मी यांना पन्नासदा सांगितलं. पण हे मॅडमला आणत नाहीत, पुठ्ठ्यावर काढलेला पंजा घेऊन येतात. धोट्यांनी खाली मान घालून तो पुठ्ठ्याचा पंजा पिशवीतून काढून दाखवला. कडेने पेन्सिलीची रेघ होती. हात एवढासा होता.

मग शैलाच्या हाताने काम सुरू झालं. दुकानदाराने प्रत्येक वेळी रिव्हॉल्वर उघडून गोळ्यांची सगळी घरं रिकामी असल्याचं दाखवलं, नळी भिंतीकडे आणि घोड्यापासून बोट दूर ठेवायला सांगितलं. पहिलं मोठं आणि देखणं होतं. मी असतो तर तेच घेतलं असतं. धोटे वाकून पाहू लागले. मूठ बेचक्यात घट्ट बसली, तर बोट घोड्याला नुसतं टेकत होतं, आणि बोट पुरवायला गेलं, की मूठ हातात फिरून नळी वाकडी होत होती. "नाही बसली," धोटे म्हणाले. दुसरं इतकं हलकं होतं, की शैला खूश झाली; दुकानदार म्हणाला, हलकं हत्यार झटका जास्त देतं, पहिल्या गोळीनंतर बाई दुसऱ्यांदा हात लावणार नाही. तिसरं बत्तीस बोअरचं, लहान मुठीचं, अंगाने जरा भरलेलं. शैलाने ते धरलं आणि काही न सांगताच तिचं मनगट आणि नळी एका रेषेत आली. बोटाचं पेर घोड्यावर बरोबर बसलं. धोट्यांनी दहा वेळा रिकामा घोडा ओढून पाहायला लावला. दहाही वेळा नळी हलली नाही.

"बसलं," शैला म्हणाली.

धोटे मटकन स्टुलावर बसले. सहा फुटी माणूस, रुमाल काढून तोंड पुसत राहिला.

बाहेर चहाच्या टपरीवर शैलाने सरळच विचारलं, कुसुमताईंना काहून नाही आणलं? धोटे म्हणाले, परवान्यासाठी ऑफिसात गेली होती, तर तिथे एकाने विचारलं, 'बाई, उठेगी तुमसे?' आणि सगळे हसले. घरी येऊन ती म्हणाली, आता एकदाच येईन, घ्यायच्या दिवशी, तोवर तुम्ही पाहून ठेवा. आणि पाऱ्यात सांगू नका, पुन्हा हसतील. "म्हणून म्हटलं, माझ्यावर हसू द्या," असं ते अगदी सहज म्हणाले. पानठेल्यावरचं सगळं माझंच होतं.

"पण पिस्तूलच काहून, गार्डसाहेब?" मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात ते गाडी घेऊन डोंगरगडकडे गेले असताना मागच्या दाराची कडी काढून कोणीतरी घरात शिरलं होतं. पितळी भांडी घेऊन गेलं. कुसुमताई देवघरात, दाराआड उभ्या होत्या. ओरडायचं होतं, पण आवाजच फुटला नाही. तो माणूस गेल्यावरही उजाडेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. सकाळी कोणाला सांगायची लाज वाटली, की एवढी मोठी बाई, हाक मारता आली नाही.

"तुमची-आमची भिंत एक आहे, भाऊ," धोटे म्हणाले. "तुम्ही पलीकडे घोरून राहिले होते. तिले ऐकू येत होतं. ती म्हणते, त्या आवाजावर रात्र काढली मी. पलीकडे माणूस आहे, एवढं समजत होतं." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "खरं सांगू? तुमचा लय हेवा वाटते मले. तुम्ही रोज घरी झोपता."

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींचा हेवा केला आहे. माझ्या घोरण्याचा कोणी करत असेल, हे माझ्या स्वप्नात आलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली, की चहावाल्याकडे पाहून मी उगाच ग्लासातला चहा हलवत बसलो.

मुदत संपायच्या दोन दिवस आधी कुसुमताई दुकानात आल्या. बरोबर शैला होती, हात धरून. रिव्हॉल्वर हातात बसलं, सही झाली. मग दुकानदाराच्या ओळखीच्या एका निवृत्त फौजीने त्यांना चालवायला शिकवलं. हत्यार कपाटात कुलपात गेलं. दसऱ्याला पारा धोट्यांच्या ओसरीवर जमला, पण पाटावर झेंडी, बत्ती आणि शिट्टीच होती. ते पाहायची वस्तू नाही, म्हणाल्या कुसुमताई. मग सगळे माझ्या तलवारीकडे आले. मला वाटला होता तेवढा आनंद झाला नाही. कुसुमताईंना विचारून पानठेल्यावर जाऊन मी खरं काय ते सांगितलं आणि तिथे कोणी हसलं नाही.

धोट्यांनी कुसुमताईंना एक नियम घालून दिला होता, तो शैलाकडून मला कळला. काही खुट्ट झालं, आवाज फुटला नाही, तर कपाटाकडे जायचं नाही. पहिले लाटण्याने भिंत वाजवायची. पलीकडून उत्तर आलं, तर पिस्तुलाला हात लावायचा नाही.

दिवाळीनंतरची एक संध्याकाळ. मी ऑफिसातून येऊन चहा पीत होतो आणि भिंत वाजली. तीन वेळा. मी कप टाकला, खुंटीवरची तलवार ओढली, ती अर्थातच म्यानातून निघाली नाही, म्यानासकट घेऊन धावलो. मागून शैला धावली.

दार उघडंच होतं. कुसुमताई भिंतीजवळ लाटणं घेऊन उभ्या होत्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. कपाटाला कुलूप होतं.

"काय झालं, ताई?"

"काही नाही, भाऊजी," त्या खाली पाहत म्हणाल्या. "हे आत्ताच गाडी घेऊन गेले. तुम्ही आहात का, तेवढं पाहिलं."

"आहो," मी म्हणालो.

मला धाप लागली होती. तलवार कुठे ठेवावी ते कळेना. त्यांनीच ती माझ्या हातातून घेतली, कोपऱ्यात झेंडीजवळ उभी केली आणि चहा ठेवायला आत गेल्या.