पंचविसाव्याची वारसनोंद

मंजुळा खराड्यांच्या परसातल्या वांग्याच्या झाडात पंचविसावं गुणसूत्र निघालं, तेव्हा तलाठ्यानं रीतसर पंचनामा करून त्याचं नाव सात-बाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात लावलं.

वांग्याला गुणसूत्रं चोवीस, म्हणजे बारा जोड्या. पंगतीला बसल्यासारख्या त्या समोरासमोर बसतात आणि वाटणी झाली की निम्मी इकडं, निम्मी तिकडं जातात. पंचविसाव्याला जोडीदार नाही. वाटणीच्या वेळी त्याला कोणी 'आमच्याकडं ये' म्हणत नाही. जागा दिसेल त्या घोळक्यामागं ते जातं, कधी वाटेतच राहून जातं. ते असलं म्हणजे वांगं जरा बसकं होतं आणि देठ वाकडा येतो. चवीला मात्र गोड.

निमसाखळ गावात इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा असतो, दुसऱ्याच्या विहिरीची वाट असते आणि सासरी गेलेल्या बहिणी असतात. मंजुळा तिथं अकरा वर्षं होती. परसाची ती सहा गुंठे जमीन तिच्या आईला मामानं चोळीबांगडीसाठी दिलेली. आई गेल्यावर कब्जेदार म्हणून भावाचं, रंगरावाचं नाव लागलं आणि मंजुळेचं इतर हक्कात गेलं. पुढं नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माहेरी परतली आणि परसातल्या खोलीत राहू लागली. रकाना काही बदलला नाही. आईनं जाताना राखेत घोळवून ठेवलेलं वांग्याचं बी तेवढं तिच्या वाट्याला आलं होतं, आणि पंचविसावं त्यातूनच निघालं.

रंगरावाला परसात ट्रॅक्टरसाठी शेड घालायची होती. गुढीपाडवा झाल्यावर तो हक्कसोडपत्र घेऊन आला. सोबत तलाठी होता. त्याला सगळा गाव भाऊसाहेब म्हणे.

"ताई, सही करून टाक. खोलीतनं तुला कोण उठवतंय? मी काय परका हाय का?"

मंजुळेनं पेन घेतलं. भावाशी वाकडं घेणारी ती बाई नव्हती.

"थांबा," भाऊसाहेब म्हणाला. "रकान्यात नावं दोन आहेत. पंचविसाव्याचीही सही लागेल."

त्यानं पिशवीतून सूक्ष्मदर्शक काढला. तहसीलनं तो शिक्क्याच्या पेटीबरोबरच दिलेला होता. कळीतला कोवळा भाग काचेवर ठेवून त्यानं एक डोळा भिंगाला लावला, दुसरा कागदावर ठेवला आणि पंचविसाव्याला विचारलं, हक्क राजीखुशीनं सोडता का?

"मला कुणी बोलावलं नव्हतं," पंचविसावं म्हणालं. "आईच्या हाताला धरून यावं लागलं. आता परत जायचं तर कुठं?"

भाऊसाहेबानं जबाब शब्दशः लिहून घेतला. अकरा वर्षांत मंजुळेला एवढं साधं वाक्य सुचलं नव्हतं. तिनं पेनाला टोपण लावलं आणि पेन परत दिलं.

रंगराव गोरामोरा झाला, पण कच्च्या गुरूचा चेला नव्हता तो. त्यानं हरकतीचा अर्ज दिला. इतर हक्कातल्या कोणालाही वारस नसेल तर सगळी नावं कमी करावीत, असा नियम होता. बहीण निपुत्रिक, आणि वांग्याचं झाड काही चार दिवाळ्या बघत नाही. पंचविसाव्याचा वारस दिवाळीपर्यंत दाखवला नाही तर दोघांचीही नावं उडणार होती, आणि त्यांच्याबरोबर खोली आणि परसही.

भाऊसाहेबानं चौकशी सुरू केली. अर्जात 'वडिलांचे नाव' एवढाच रकाना होता, म्हणून त्यानं पंचविसाव्याला वडील धरलं. मंजुळेच्या झाडाचे पराग घेऊन त्यानं ते रंगरावाच्या शेतातल्या वांग्यांच्या फुलांवर स्वतःच्या हातानं टेकवले. फळं पिकली, बी रुजलं. चाळीस रोपांच्या मुळांच्या टोकांतली गुणसूत्रं त्यानं भिंगाखाली मोजली. चाळीसही रोपांत चोवीसच. त्यानं कागदावर 'निर्वंश' असं लिहिलं आणि खाली तारीख घातली.

मंजुळेला रात्रभर झोप आली नाही. सकाळी ती चावडीवर गेली.

"भाऊसाहेब, तुम्ही बापाकडनं बघितलंत. आईकडनं बघा की."

"तसा रकाना नाही, आक्का."

"परागाला केवढी घाई असती! पंचविसावं म्हंजे अंगावर जादा ओझं. ते पोचेस्तवर बाकीचे पोचून दार लावून घेत्यात. आईकडं कुठली आलीया घाई? आई वाट बघती."

भाऊसाहेबानं टिपण लिहून कागद वर पाठवले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, पण मंडळ अधिकारी निंबाळकरबाई आठव्याच दिवशी स्वतः आल्या. त्यांनी मंजुळेच्या झाडावरचं पिवळं पडलेलं एक वांगं उतरवून घेतलं, बी सीलबंद केलं आणि चावडीतच रुजत घातलं. बारा रोपं उगवली. नऊ चोवीसची निघाली, तीन पंचवीसची.

"सगळ्यांत उतरत नाही?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांत कसं उतरंल?" मंजुळा म्हणाली. "तिघांत उतरलं, ह्येच लई झालं."

बाईंनी जागेवरच आदेश दिला. अर्जात 'आईचे नाव' असा रकाना वाढवावा. जे आईकडून आलं ते पुढंही आईकडूनच जातं, हे चौकशीत सिद्ध झालं आहे. रंगरावानं लगेच टाळ्या वाजवण्यासारखं काही नव्हतं, तरी तो हसला. पंचविसाव्याला वारस मिळाला तर मिळू दे, शेड दुसरीकडं घालू, असं त्यानं मनाशी ठरवलंही होतं.

"आदेश सगळ्या पानाला लागू," बाई पुढं म्हणाल्या. "जमीन कोणाची होती?"

"आईची," भाऊसाहेब म्हणाला.

"मग कब्जेदार मुलगी. मुलाकडून पुढं पोचत नाही, चाळीस रोपांचा पुरावा आहे."

"आणि मी कुठं जाऊ?" रंगराव म्हणाला.

भाऊसाहेबानं पान त्याच्यापुढं धरलं. इतर हक्कात सोसायटीचा बोजा होता, विहिरीची वाट होती आणि त्याखाली एक ओळ मोकळी झाली होती.

झाड नागपंचमीनंतर वाळलं. त्याच्या जागी मंजुळेनं ती तीन रोपं लावली. पंचविसाव्याचं नाव रीतसर कमी होऊन तिघांची नावं लागली.

भाऊबीजेला रंगराव आला. एरवी तो ओवाळून घ्यायला थेट पाटावर बसायचा. यंदा उंबऱ्यातच घुटमळला.

"आत येऊ का?"

"ये की. तुझा हक्क हाय," मंजुळा म्हणाली. "इतर."

तिनं ओवाळलं. ताटात वाकड्या देठाचं भरलं वांगं वाढलं. त्यानं वाकडा देठ बोटानं ताटाच्या कडेला सारला.

"ताई, त्या रकान्यात कसं वाटतं गं?"

मंजुळेला त्याची दया आली, रागही आला. तिनं त्याच्या भाकरीवर तूप घातलं.

"पहिली अकरा वर्षं जड जात्यात," ती म्हणाली. "जेव आता."